पोस्टरवरचं नाव : इंदूरचे सलीम खान आणि पटकथा लिहिण्याचा धंदा

पलासिया_चौराहा (धागाकर्ता)

इंदूरनं हिंदी सिनेमाला काय दिलं, असं कोणाही इंदुरी मराठी माणसाला विचारा. पहिलं उत्तर लताबाई, कारण १९२९ सालचा जन्म इथल्या शीख मोहल्ल्यातला. मग जॉनी वॉकर. मग किशोरकुमार, ते खंडव्याचे, पण क्रिश्चियन कॉलेजात शिकले म्हणजे आपलेच. हल्ली स्वानंद किरकिरे. सलीम खान यांचं नाव निघालंच तर 'सलमानचे वडील' एवढ्यापुरतं. हे मला कित्येक वर्षं खुपतंय, म्हणून हा धागा.

थोडक्यात चरित्र आधी. जन्म २४ नोव्हेंबर १९३५, इंदूर. वडील पोलीस खात्यात वरच्या हुद्द्यावर. आई मुलगा नऊ वर्षांचा असताना गेली, वडील १९५० मध्ये. मोठ्या भावांनी सांभाळलं. होळकर कॉलेजात शिक्षण, क्रिकेट जोरात, दिसायला राजबिंडे. एका लग्नात दिग्दर्शक के. अमरनाथ यांनी पाहिलं आणि मुंबईला बोलावलं. दरमहा ४०० रुपये पगार आणि 'बारात' (१९६०) या सिनेमात काम. त्यानंतरची वर्षं लहानसहान भूमिकांत गेली. 'तीसरी मंझिल' (१९६६) बघताना नीट लक्ष दिलंत तर शम्मी कपूरचा दोस्त दिसेल, तो हा आपला माणूस.

नट म्हणून चाललं नाही. स्वतःच त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितलंय की कॅमेऱ्यासमोर प्रभाव पाडायची कला आपल्यात नव्हती. मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. देखणेपणावर अजून पंधरा वर्षं रेटणारे नट त्या काळात काय कमी होते? यांनी तो रस्ता सोडला आणि पटकथालेखक अबरार अल्वींकडे लेखनात मदतनीस झाले. जावेद अख्तर तेव्हा कैफी आझमींकडे. दोघांची ओळख 'सरहदी लुटेरा' नावाच्या आज कोणाला आठवत नसलेल्या सिनेमाच्या वेळची. पुढे सिप्पी फिल्म्सच्या कथा विभागात दोघांना मिळून महिना ७५० रुपयांची नोकरी. 'अंदाज', 'सीता और गीता' ही त्या खात्यातली कामं.

आता मुद्दा. त्या काळी स्टुडिओत लेखकाला 'मुनशी' म्हणत. मुनशीजींनी सेटवर बसायचं, नट म्हणेल तसं वाक्य फिरवून द्यायचं, कप उचलायला पोऱ्या नसेल तर तेही करायचं. १९७३ मध्ये 'जंजीर' आला तेव्हा पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं. या दोघांनी पदरचे पैसे देऊन एक रंगारी धरला आणि मुंबईभर लागलेल्या पोस्टरांवर आपलं नाव रंगवायला पाठवला. त्यानं ते जागा मिळेल तिथे फासलं, कुठे नटाच्या नाकावर, कुठे हातावर. ही हकीकत दोघांनीही रंगवून सांगितली आहे. हसू येतं, पण त्यानंतर पोस्टरवर लेखकाचं नाव छापलं जाऊ लागलं आणि मानधनही वाढलं. 'दोस्ताना'च्या वेळी त्यांचा आकडा खुद्द अमिताभच्या वर होता असं सांगतात.

आणि इंदूर म्हणाल तर ते 'शोले'त ठासून भरलंय. जय आणि वीरू ही नावं सलीम यांच्या होळकर कॉलेजातल्या दोन मित्रांची. ठाकूर बलदेव सिंह हे त्यांच्या सासऱ्यांचं नाव. हरिराम नाई म्हणजे इंदूरच्या घरी येणारा न्हावी, असं सांगितलं जातं. पन्नास वर्षं सगळा देश आपल्या गावातली नावं घेऊन संवाद म्हणतोय आणि आपल्याकडे साधी गल्लीसुद्धा त्यांच्या नावाची नाही.

तर चर्चा व्हावी ती पटकथा लिहिण्याच्या धंद्याबद्दल. तेव्हा काय होता, आज काय आहे? इथे कोणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर लिहा. सलमानवर चर्चा नको, त्यासाठी वेगळे धागे ढिगानं आहेत.

लष्करचा_वाडा

धागा छान, पण अर्धाच आहे. जावेद अख्तर यांचा जन्म १७ जानेवारी १९४५, ग्वाल्हेर. तेव्हा निम्मा 'शोले' आमचा. आणि गब्बर सिंह नावाचा खरा डाकूही आमच्याच भिंडकडचा, पोलिसांची नाकं-कानं कापणारा, १९५० च्या दशकातला. म्हणजे हिरो तुमचे आणि व्हिलन आमचा, वाटणी बरी आहे.

गंमत बघा. एक होळकरांच्या संस्थानातला, एक शिंद्यांच्या. होळकर-शिंदे एकत्र असले की दिल्ली हलते, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं. आणि मग व्हायचं तेच झालं, १९८२ च्या सुमारास दोघं वेगळे!

सयाजीगंजकर

गायकवाडांना का विसरता? दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तिन्ही संस्थानं झाली. आता भांडा.

यशवंत_टॉकीज

माझं वय लक्षात घेऊन लांबण माफ करा.

'शोले' पहिल्या आठवड्यात पडला असं मुंबईच्या ट्रेडवाल्यांनी जाहीर केलं होतं. तेव्हा या दोघा लेखकांनी व्यापारी साप्ताहिकात जाहिरात दिली की हा सिनेमा प्रत्येक मोठ्या टेरिटरीत एक कोटीचा धंदा करेल. ही भाषा नीट ऐका. टेरिटरी, म्हणजे वितरणाचा विभाग. त्या काळी सिनेमा टेरिटरीनं विकला जायचा, त्यात सेंट्रल इंडिया ही एक, आणि तिची पेढी म्हणजे आपलं इंदूर. वितरकांची ऑफिसं इथे, प्रिंटांचे पत्र्याचे डबे इथून रतलाम, उज्जैन, देवासला बसनं जायचे. माझे एक नातेवाईक अशाच एका ऑफिसात खातेवही लिहीत. ते सांगत की पूर्वी वितरक विचारायचा, "हिरो कोण? संगीत कोणाचं?" १९७५ नंतर तिसरा प्रश्न सुरू झाला, "लिहिलंय कोणी?" मला वाटतं पोस्टरपेक्षा हा बदल मोठा. पोस्टर रंगवणं पैसे देऊन जमतं, पण वितरकानं लेखकाचं नाव ऐकून हप्ता मोजणं ही वेगळी गोष्ट.

दुसरं, संवादांची तबकडी. 'शोले'च्या गाण्यांच्या रेकॉर्डपेक्षा संवादांची रेकॉर्ड जास्त वाजली. पानाच्या दुकानात, गणपतीच्या मंडपात, लग्नाच्या वरातीआधी. मंडपात एका बाजूला आरती आणि पाठोपाठ 'कितने आदमी थे'. कार्यकारिणीतले ज्येष्ठ चिडायचे, पोरं पुन्हा लावायची. लेखकाचा शब्द गाण्यासारखा वाजतोय, हे मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि एवढं होऊन फिल्मफेअर मिळालं एकच, संकलनाचं. एम. एस. शिंदे, आपला मराठी माणूस! लेखनाची तिन्ही बक्षिसं, म्हणजे कथा, पटकथा, संवाद, त्या वर्षी 'दीवार'ला गेली. अर्थात मिळाली याच दोघांना.

चिकित्सक_जोशी

आजोबांचा प्रतिसाद आवडला. पण धागाकर्त्यांच्या भक्तीला जरा चिमटा काढणं भाग आहे.

लेखकाला नाव मिळवून देणारे हे पहिलेच, असं वाचून गेल्यासारखं वाटलं. पंडित मुखराम शर्मा कोणाला आठवतात का? मेरठहून आले, पुण्यातल्या मराठी निर्मात्यांकडे उमेदवारी केली, आणि १९५० च्या दशकात 'औलाद', 'वचन', 'साधना' या तिन्हींसाठी कथेचं फिल्मफेअर घेतलं. मराठीत तर लेखकाला प्रतिष्ठा होतीच. 'संत तुकाराम' (१९३६) शिवराम वाशीकरांनी लिहिला. अत्रे 'ब्रह्मचारी' (१९३८) लिहायचे तेव्हा लोक अत्र्यांचं नाव वाचून तिकीट काढायचे. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) गदिमांच्या लेखणीतला. मराठी लेखक सिनेमात गेला तो आधी साहित्यिक म्हणून, मुनशी म्हणून नव्हे.

दुसरं म्हणजे अस्सलपणा. 'दीवार'मध्ये 'मदर इंडिया' आणि 'गंगा जमना' स्पष्ट दिसतात. 'शोले'त 'सेव्हन सामुराई' आहे, 'मेरा गाँव मेरा देश' आहे. वाईट म्हणत नाही, पण 'आपल्या गावाची नावं' एवढ्यावर आरती ओवाळू नये.

आणि पटकथा म्हणून बघायचं तर माझ्या लेखी विजय तेंडुलकर. 'मंथन', 'सामना', 'सिंहासन', 'आक्रोश', 'अर्धसत्य'. एकेक सीन किती कमी बोलतो बघा.

पलासिया_चौराहा

जोशीबुवा, 'पहिले' असं मी म्हटलेलं नाही, वर जाऊन वाचा. वाशीकर-अत्रे-गदिमा बरोबर, पण तुम्हीच म्हणता तसे ते नाव घेऊन सिनेमात आले. सलीम खान काय घेऊन आले होते? ना कवितासंग्रह, ना नाटक. एक अयशस्वी नट. पटकथा लिहिणं हेच ज्याचं नाव, असा माणूस लोकांच्या तोंडी बसवणं ही त्यांची करामत.

उचलेगिरीबद्दल माझं मत वेगळं आहे. 'मदर इंडिया'तली आई शेतात होती, ती मुंबईच्या बांधकामावर आणून विटा वाहायला लावली की गोष्ट बदलते. कामगार, गोदी, हाजी मस्तानची मुंबई, हे सगळं तिथे आलं. लोकांनी बघितलं ते तेच. तेंडुलकरांबद्दल मात्र वाद नाही. फक्त ते आमच्या खात्यात धरू नका, नाहीतर सयाजीगंजकर पुन्हा येतील.

यशवंत_टॉकीज

तेंडुलकर आणि सलीम-जावेद एकाच काळात लिहीत होते, दोघांचेही नायक चिडलेलेच होते. 'अर्धसत्य'मधला पोलीस आणि 'जंजीर'मधला पोलीस शेजारी बसवून बघा कधी.

रोजचा_एपिसोड

धागाकर्त्यांनी क्षेत्रातलं कोणी असेल तर लिहा म्हटलं म्हणून खातं जागं केलं. मी रामबागेतली, आता मुंबईत मालिकांचे संवाद लिहिते. नाव विचारू नका, चॅनेलवाले सगळीकडे असतात.

माझी सुरुवात गणपतीतल्या एकांकिकांमधून. 'सानंद' या इंदूरच्या संस्थेत मुंबईची नाटकं यायची, ती आई-बाबांबरोबर बघायची. इंदूरचे रंगकर्मी बाबा डिके आणि त्यांच्या नाट्यभारती या नाट्यसंस्थेच्या गोष्टी घरात ऐकलेल्या. मुंबईत पहिल्या दिवशी मी 'मी काल आली' असं बोलले आणि सगळी खोली हसली. इंदुरी मराठी ती! पण हिंदी मालिकेचं काम आलं तेव्हा त्याच खोलीत हिंदी कानाला खरी वाटेल अशी लिहिणारी मी एकटीच होते. आपल्याला दोन्ही भाषा घरातच मिळाल्यात. ही शिदोरी इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांनी हलकी समजू नये.

आता धंदा. सिनेमात सलीम-जावेद बांधीव पटकथा हातात देत, संवादासकट. मालिकेत तसं नसतं. इथे तीन माणसं असतात: कथेचा एक, पटकथेचा एक, संवादाचा एक. आठवड्याची वनलाइन, म्हणजे काय घडणार याचा थोडक्यात आराखडा, कथालेखक चॅनेलला पाठवतो. क्रिएटिव्ह टीम ती वाचते, "सून जरा पॉझिटिव्ह करा, सासूला एक सीन वाढवा" म्हणते. ती मंजूर झाली की पटकथालेखक सीन पाडतो. मग ते माझ्याकडे येतं आणि मी बोलायला लावते. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा ऐवज लागतो. प्रत्येक ब्रेकआधी हुक, म्हणजे पुढे काय होणार अशी उत्सुकता लावणारा क्षण, शेवटी मोठा हुक. आठवड्याला सहा एपिसोड असले तर गणित तुम्हीच करा.

बँक असेल, म्हणजे आधीच शूट झालेले एपिसोड हातात असतील, तर झोप मिळते. बँक संपली की सकाळी शूट होणारा सीन पहाटे लिहायचा. नट मेकअपच्या खुर्चीत बसून मोबाइलवर वाचतो. एखाद्याच्या नाटकाचा दौरा लागला की त्याच्या पात्राला 'ऑफिसच्या कामानं दिल्लीला' पाठवायचं. कोणाला डेंग्यू झाला की पात्र कोमात. रात्रीचं आउटडोअर परवडत नाही, म्हणून आमच्या मालिकांत खून, लग्न, अपहरण, वाटणी सगळं दिवाणखान्यात होतं. प्रेक्षक 'लेखकाला अक्कल नाही' म्हणून शिव्या घालतात. अक्कल असते हो, लोकेशन नसतं.

गुरुवारी टीआरपी येतो. तो पडला की शुक्रवारी ट्रॅक बदलतो, आणि बदललेल्या ट्रॅकसाठी लिहिलेले सगळे सीन कचऱ्यात. त्या कचऱ्याचे पैसे मिळत नाहीत, कारण मानधन एपिसोडमागे, आणि एपिसोड प्रसारित झाला तरच. तेही प्रसारणानंतर नव्वद दिवसांनी, टीडीएस कापून. एका निर्मात्याकडे मालिका बंद झाल्यावर माझे शेवटच्या महिन्यांचे पैसे अडकले. ऑफिस आवरलं, फोन उचलणारा माणूस बदलला. मी लेखक संघटनेच्या वाद निवारण समितीकडे गेले, बऱ्याच फेऱ्यांनंतर काही मिळालं, काही सोडलं.

नावाचं म्हणाल तर टीव्हीवर श्रेयनामावली अशी धावते की माझी आजी सांगायची, "तुझं नाव आलं म्हणे, मी चष्मा पुसेपर्यंत गेलं." आणि ओटीटीवर 'पुढचा भाग पाच सेकंदांत' असा चौकोन बरोबर आमच्याच नावावर येऊन बसतो. आता कोणत्या रंगाऱ्याला पाठवू?

तरी सोडवत नाही. कधी लोकलमध्ये दोन बायका कालचा एपिसोड बोलत असतात आणि मी लिहिलेलं वाक्य त्यांच्या तोंडून येतं, थोडं बदलून. बदललेलं बहुतेक वेळा चांगलं असतं. मी ते वहीत टिपून घेते.

लष्करचा_वाडा

ताई, उभं राहून टाळ्या. पात्र कोमात का जातं हे आज कळलं. आमच्या घरी गेले दोन महिने एक काका कोमात आहेत, बायको रोज हळहळते. आता तिला काय सांगू?

रोजचा_एपिसोड

काही सांगू नका. परततील. करार संपला नसेल तर.

चिकित्सक_जोशी

टीव्हीवर लेखक सुरुवातीला असा नव्हता, हे इथे नोंदवलं पाहिजे. 'हम लोग' जुलै १९८४ मध्ये सुरू झाली ती मनोहर श्याम जोशींच्या लेखणीवर. मेक्सिकोच्या मालिकांचा नमुना समोर ठेवून कुटुंबनियोजनाचा संदेश द्यायचा, अशी सरकारी कल्पना. सुरुवातीचे भाग लोकांना उपदेशी वाटले, मग जोशींनी उपदेश मागे सारून माणसं पुढे आणली आणि देश वेडा झाला. पुढे 'बुनियाद'. ती दिग्दर्शित केली कोणी? 'शोले'च्याच रमेश सिप्पींनी. राही मासूम रझांनी 'महाभारत' लिहिलं तेव्हा मुसलमान माणूस कसा लिहिणार असं विचारणाऱ्यांना उत्तर म्हणून लेखनच पुरेसं ठरलं. तेंडुलकरांनी 'स्वयंसिद्धा' लिहिली. तेव्हा मालिका एका लेखकाची असायची, आठवड्यातून एक-दोनदा यायची. रोज सुरू झाली तेव्हा लेखकाचे तीन तुकडे झाले. ताईंच्या प्रतिसादावरून माझा हाच निष्कर्ष.

रोजचा_एपिसोड

निष्कर्ष बराचसा बरोबर, पण तीन तुकड्यांमुळेच माझ्यासारखीला दार उघडलं. एकच लेखक असता तर तो कोणीतरी मोठा असता आणि मी अजून रामबागेत असते.

पलासिया_चौराहा

बदल फक्त मालिकेतच होतात असं नाही. 'शोले'चा शेवट लेखकांनी लिहिला होता तो ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो असा. सेन्सॉरनं तो चालू दिला नाही. निवृत्त का होईना, पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यायचा नाही! मग पोलीस येतात आणि गब्बर तुरुंगात. काळ आणीबाणीचा. सगळ्यात महागड्या लेखकांचीही शेवटच्या पानावर सही नव्हती. मूळ शेवटही चित्रित झालेला होता, म्हणून तो आज बघायला मिळतो.

सयाजीगंजकर

वेगळे झाल्यावर काय झालं दोघांचं? जावेद यांचं माहीत आहे, गाणी लिहू लागले. सलीम खान?

पलासिया_चौराहा

महेश भट्ट यांचा 'नाम' (१९८६) सलीम यांनी एकट्यानं लिहिला, आणि तो जोरात चालला. त्यानंतर काही सिनेमे आले, पण पूर्वीचा दरारा नव्हता. जावेद यांनी 'बेताब', 'सागर', 'अर्जुन' लिहिले आणि गाण्यांकडे वळले. दोघांच्या नावानं शेवटी आला तो 'मिस्टर इंडिया' (१९८७), तोही आधी लिहून ठेवलेला. माझं वैयक्तिक मत, सलीम गोष्टीचा सांगाडा उभा करण्यात पक्के होते आणि जावेद वाक्याला धार लावण्यात. पण पडद्यावर नाव दोघांचं मिळूनच आलं, ते मला आवडतं. २०१५ मध्ये सरकारनं पद्मश्री देऊ केली तेव्हा सलीम यांनी ती नाकारली. फार उशीर झाला, असं त्यांचं म्हणणं. वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर आपली किंमत स्वतः ठरवणारा माणूस, मला ते पोस्टरच्या गोष्टीशी जुळतं वाटलं.

सुदामानगरची_आई

मी इथे फक्त वाचते, आज लिहितेय. आमचा मुलगा सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करतो. त्याला ती सोडून मुंबईला जाऊन पटकथा लिहायची आहे. त्याच्या दोन शॉर्ट फिल्म आहेत, गोष्टी सुचतात हे खरं. एका ओळखीच्यांनी मेलवर त्याची कथा मागवली आहे. पाठवावी का? चोरतील का? आणि रोजचा_एपिसोड ताई, खरं सांगा, पोट भरतं का?

खंडपीठ_वकील

पहिल्या दोन प्रश्नांना मी उत्तर देतो, तिसऱ्याला ताई.

कल्पनेवर कॉपीराइट नसतो. १९७८ सालचा आर. जी. आनंद खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एका नाटककाराचा दावा होता की सिनेमा आपल्या नाटकावरून केलाय. कोर्टानं सांगितलं, विषय, कल्पना, कथानकाचा गाभा यांवर मालकी नाही, मांडणीवर आहे. म्हणून 'दोन भाऊ, एक पोलीस एक चोर' एवढं चार ओळींत पाठवलंत तर काही हाती राहत नाही. पात्रं, प्रसंग, क्रम यांसह वीस पानं लिहून पाठवलीत तर दावा करायला जमीन असते. पाठवण्याआधी मुंबईच्या लेखक संघटनेत नोंदणी करून घ्या, ऑनलाइन होते. नोंदणीनं मालकी सिद्ध होत नाही, पण अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा मिळतो. मेल तुमच्या पत्त्यावरूनच करा, व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्ट सांगू नका.

करार आला तर तीन जागा बघा. मुदत, प्रदेश, श्रेय. कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणूनच निर्माते 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण ब्रह्मांडात' असे शब्द घालतात. थट्टा नाही, करारात खरंच ब्रह्मांड असतं. नोकरीवर ठेवून लिहून घेतलं तर, करारात वेगळं काही नसल्यास, पहिला मालक नोकरी देणारा. श्रेय कसं आणि कुठे येईल हे स्पष्ट लिहून घ्या.

आणि २०१२ ची दुरुस्ती. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. सिनेमात वापरलेल्या लेखनाचा, संगीताचा थिएटरबाहेर जो वापर होतो त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. सही करून दिला तरी नाही. कागदावर हक्क भक्कम आहे. वसुलीत गीतकार पुढे आहेत, पटकथालेखक बरेच मागे.

लष्करचा_वाडा

म्हणजे पोस्टर सलीमसाहेबांनी रंगवलं आणि कायदा जावेदसाहेबांनी. निम्मं-निम्मं, मी म्हटलं होतं.

यशवंत_टॉकीज

सुदामानगरच्या ताई, माझं न विचारलेलं मत. सीए पूर्ण करू द्या. सिनेमात हिशेब कळणारा लेखक म्हणजे दुर्मीळ चीज, त्याला कोणी नव्वद दिवस थांबवणार नाही.

चिकित्सक_जोशी

आजोबा, असे 'आधी हे पूर्ण कर' म्हणून थांबवलेले लेखक माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत. ते आता बँकेत आहेत. मीही त्यातलाच एक आणि म्हणून इथे इतरांना चिमटे काढतो.

रोजचा_एपिसोड

ताई, खरं सांगते. पोट भरतं, पण सारखं भरत नाही. मालिका चालू असली तर चांगल्या नोकरीएवढं येतं, बंद झाली की शून्य. आणि ती कधी बंद होणार हे लेखकाला मेकअपमनच्या नंतर कळतं. मी स्वतः दोन मालिकांच्या मध्ये जाहिरातींचं भाषांतर, डबिंगच्या स्क्रिप्ट, एका ॲपसाठी ऑडिओ कथा, असं मिळेल ते करते. यात कमीपणा नाही.

मुलगा येणार असेल तर थेट पटकथालेखक म्हणून कोणी घेत नाही. एखाद्या लेखकाच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागावं लागतं, नाहीतर प्रॉडक्शन हाउसमध्ये क्रिएटिव्ह टीममध्ये. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण सीन कागदावरून सेटवर जाताना काय मरतं ते रोज दिसतं. त्याला सांगा, येताना दोन पूर्ण पटकथा लिहून आण. कल्पना सगळ्यांकडे असतात, नव्वद पानं लिहून संपवलेली फार थोड्यांकडे. तेंडुलकरांचे आणि सलीम-जावेद यांचे सिनेमे आवाज बंद करून बघायला लावा, कोणता सीन का आहे ते संवादाशिवाय कळतंय का ते तपासायला. नॅरेशन, म्हणजे निर्मात्यासमोर गोष्ट सांगणं, मोठ्यानं करून बघायची सवय लावा, आपल्या इंदुरी पोरांना गप्पा येतात, पण वीस मिनिटांत गोष्ट सांगून गप्प बसणं येत नाही.

वकीलसाहेबांनी सांगितलेलं सगळं त्याला वाचायला द्या. मी हे सगळं उशिरा शिकले.

राहायचं गोरेगाव-मालाडकडे बघा, सेट आणि ऑफिसं त्याच पट्ट्यात आहेत. तिघं-चौघं मिळून घेतात तरी भाडं जड पडतं. पहिलं वर्षभर ते घरूनच द्यावं लागेल असं धरून चाला आणि निघण्याआधीच घरात ठरवून टाका, नंतर दर महिन्याला त्यावरून भांडणं नकोत.

सुदामानगरची_आई

सगळं लिहून घेतलं, मनापासून आभार. कथेची नोंदणी या आठवड्यात करून टाकतो. भाड्याचं मात्र यांच्याशी बोलावं लागेल. त्यांना अजून आर्टिकलशिप सोडण्याचंच काही माहीत नाही.